डोंगर वर, तारा खाली

अमेरिकेतल्या केंब्रिज शहरात, मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या, म्हणजे एमआयटीच्या आवारात 'बिल्डिंग 20' नावाची एक लाकडी इमारत होती. दुसरं महायुद्ध ऐन भरात असताना, 1943 साली, रडारच्या संशोधनासाठी ती घाईघाईने उभी केली होती. युद्ध संपलं की पाडायची, एवढ्याच बोलीवर. प्रत्यक्षात ती 1998पर्यंत उभी राहिली. तिथल्या एका खोलीत 'टेक मॉडेल रेलरोड क्लब' या विद्यार्थ्यांच्या मंडळाची आगगाडी धावायची. खोली जवळजवळ सगळी एका प्रचंड टेबलाने व्यापलेली. टेबलावर रूळ, पूल, कारखाने, झाडं, आणि डोंगराला वळसा घालून बोगद्यात शिरणारी गाडी. दारातून आत आलेल्या माणसाची नजर आधी तिकडेच जायची.

पण खाली वाकून पाहिलं, तर दुसरंच जग. टेबलाच्या पोटात तारांच्या जुड्याच्या जुड्या, खटके, दिवे आणि टेलिफोन एक्स्चेंजमध्ये असतात तसल्या रिलेंच्या, म्हणजे विजेने चालणाऱ्या खटक्यांच्या, रांगा. वर गाडी एका तुकड्यावरून दुसऱ्या तुकड्यावर गेली की खाली खट्‌खट्‌ असा आवाज उठायचा.

क्लबातली मुलंही या टेबलासारखीच दोन थरांत वाटलेली होती. काही जणांच्या हातात चाकू आणि कुंचला. इंजिनाचा रंग, डब्यावरची अक्षरं, टेकडीवरचं गवत, स्टेशनाचं छप्पर यांत त्यांचा जीव. दुसऱ्या गटाचं नाव 'सिग्नल्स अँड पॉवर' उपसमिती. त्यांना वरच्या गावाशी फारसं देणंघेणं नव्हतं. एकाच रुळावर अनेक गाड्या, अनेक चालक, आणि तरीही टक्कर नाही, हे कसं साधायचं यात त्यांच्या रात्री जायच्या. या टेबलावर, म्हणजे लेआउटवर, 40 तास काम केलं की मुलाला खोलीची किल्ली मिळायची. मग तो कधीही यायला मोकळा.

मोठ्या मॉडेल रेल्वेचा इतिहास म्हणजे या दोन हातांचा इतिहास आहे. एक हात देखावा करतो, दुसरा तारा ओढतो. दोन्ही हातांनी आपापल्या परीने असं काही करून ठेवलं, की ते खेळण्याच्या फार पलीकडे गेलं.

सुरुवात खेळण्यापासूनच झाली. जर्मनीतल्या गोपिंगनच्या मेर्कलिन कंपनीने 1891च्या लाइपझिगच्या जत्रेत किल्लीवर चालणारी आगगाडी मांडली. तिचे रूळ इंग्रजी आठच्या आकड्याच्या आकारात जुळवता यायचे, आणि रुळांची रुंदी ठरावीक मापांत बांधलेली होती. दुसरी गोष्ट ऐकायला रुक्ष वाटते, पण या छंदाचा पाया तीच आहे. माप ठरलं म्हणून या वर्षी घेतलेल्या इंजिनाला पुढच्या वर्षीचे डबे जोडता आले, सांधे विकत घेता आले, स्टेशन वाढवता आलं. खेळणं एका डब्यात संपत नाही, ते घरात पसरत जातं, हे त्या मापांमुळे शक्य झालं. देखावा मात्र अजून नव्हता. दिवाणखान्याच्या सतरंजीवर रूळ, पत्र्याचं स्टेशन, पत्र्याचा बोगदा. संध्याकाळी सगळं परत खोक्यात.

पुढचा मोठा लेआउट मुलांसाठी नव्हताच. 1912 साली इंग्लंडच्या लँकेशायर अँड यॉर्कशायर रेल्वेने मँचेस्टरच्या व्हिक्टोरिया स्टेशनात सिग्नलचं काम शिकवणारी शाळा काढली, आणि तिथे एक मोठं रेल्वे मॉडेल बसवलं. त्यात डोंगर नाहीत, झाडं नाहीत, माणसं नाहीत. रूळ, सांधे, सिग्नल, आणि ते हलवणारे खरे तरफांचे सांगाडे. सिग्नलवाल्याच्या नोकरीत चुकीला जागा नसते, कारण चूक म्हणजे दोन गाड्या एका रुळावर. ती चूक टेबलावर करून घ्यावी, म्हणजे बाहेर होणार नाही, असा त्यामागचा साधा हिशोब. हे मॉडेल आज यॉर्कच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात आहे. ही पद्धत आपल्याकडेही रुजली. रेल्वेच्या प्रशिक्षण संस्थांमध्ये 'मॉडेल रूम' असते, भुसावळच्या संस्थेतही आहे. होऊ घातलेले स्टेशनमास्तर आणि ट्रेन मॅनेजर, म्हणजे पूर्वीचे गार्ड, तिथे टेबलावरच्या गाड्यांना लाइन क्लिअर, म्हणजे पुढे जायची परवानगी, देऊन शिकतात. देखाव्याशिवायचा लेआउट म्हणजे काय, ते पाहायचं असेल तर असल्या खोल्यांत पाहावं.

उलट टोकाला जॉन अहर्न. लंडनमध्ये राहणारे, विम्याच्या व्यवसायातले गृहस्थ. 1930च्या दशकाच्या उत्तरार्धात त्यांनी 'मॅडर व्हॅली रेल्वे' बांधायला घेतली. तोवर छांदिष्टांची रीत अशी होती, की आधी जमतील तेवढे रूळ टाकायचे आणि उरलेल्या जागेत चार घरं ठेवायची. अहर्न यांनी क्रम उलटा केला. त्यांनी आधी एक काल्पनिक दरी डोळ्यांसमोर आणली. तिच्या टोकाला मॅडरपोर्ट नावाचं बंदर, मध्ये गावं, गिरणी, दारूचे गुत्ते, अरुंद गल्ल्या. मग या दरीतून एखादी छोटी, गरीब रेल्वे कशी गेली असती, ते पाहिलं. गाडी गावात पाहुणी म्हणून येते, गाव गाडीसाठी वसवलेलं नसतं, हा विचार या छंदात त्यांच्या हातून पक्का झाला. इमारती पुठ्ठ्याच्या, पण प्रत्येकीला वय होतं. छपराची कौलं कुठे खचलेली, भिंतीला ओल आलेली.

ज्यांनी दिवाळीत किल्ला केला आहे, त्यांना हा फरक शब्दांशिवाय कळेल. मावळे आणि तोफा आधी मांडून मग माती लावणारा मुलगा एक, आणि आधी कडा, माची, पायवाट, टाकं असा डोंगर रचून मग त्यावर माणसं ठेवणारा मुलगा दुसरा. किल्ल्याची आठवण इथे आणखी एका कारणाने येते. आपल्याकडे दगडविटांच्या ढिगावर चिखलात बुडवलेलं गोणपाट पसरतात. ते वाळलं की आपोआप कडेकपारी दिसू लागतात. अमेरिकेत मॉडेल रेल्वेचे डोंगर आधी जाळीवर प्लॅस्टर थापून करत, आणि ते भलतेच जड व्हायचे. 'मॉडेल रेलरोडर' मासिकाचे संपादक लिन वेस्टकॉट यांनी 1960च्या दशकात एक सोपी युक्ती लोकप्रिय केली. चुरगळलेल्या वर्तमानपत्रांचा ढीग रचायचा, त्यावर प्लॅस्टरच्या पाण्यात बुडवलेले कागदी रुमाल एकावर एक पसरायचे, वाळले की खालचे कागद काढून घ्यायचे. राहतं ते पातळ, टणक कवच. आतून पोकळ, त्यामुळे खाली तारा ओढायला आणि अडकलेली गाडी काढायला हात जातो. ओल्या कवचावर चहाच्या गाळणीतून सुका रंग भुरभुरवायचा, की माती तयार. मिरजेच्या किंवा साताऱ्याच्या एखाद्या अंगणातल्या मुलांना हे दाखवलं असतं, तर त्यांनी लगेच बाह्या सरसावल्या असत्या.

देखावा करणाऱ्यांची पहिली अडचण मात्र मातीची नसते, मापाची असते. सर्वांत चालतं माप 1:87. त्यात पाच फूट आठ इंचांचा माणूस दोन सेंटिमीटरचा होतो. हे गोड वाटतं. आता भोर घाट घ्या. जुन्या ग्रेट इंडियन पेनिन्सुला (जीआयपी) रेल्वेने बांधलेला हा चढ सुमारे 25 किलोमीटरचा. 1:87ने तो जसाच्या तसा मांडायचा म्हटलं तर सरळ 290 मीटरच्या आसपास रूळ लागेल. एवढं घर कुणाचं नसतं. म्हणून डोंगर खरा वाटावा यासाठी अंतर खोटं करावं लागतं. रूळ एका बोगद्यात घालून भलतीकडून बाहेर काढायचा, मागची घरं पुढच्या घरांपेक्षा लहान मापाची करायची, दरीच्या टोकाला आरसा लावायचा.

या लबाडीचा थोर कलावंत म्हणजे कॅलिफोर्नियातल्या मॉन्टरेचे जॉन ॲलन. व्यवसायाने छायाचित्रकार, त्यामुळे डोळा कशाला फसतो ते त्यांना आतून ठाऊक. त्यांच्या रेल्वेचं नाव 'गोरे अँड डॅफेटिड'. ही दोन काल्पनिक गावांची नावं जोडून इंग्रजीत भरभर म्हटली, की 'रक्तबंबाळ आणि पराभूत' असं ऐकू येतं. त्यांनी ती तीनदा बांधली. तिसरी, सर्वांत मोठी, 1950च्या दशकात घराच्या तळघरात सुरू झाली. तिथे टेबल असं नव्हतंच. दऱ्या थेट जमिनीपर्यंत उतरलेल्या आणि शिखरं माणसाच्या डोक्यावर गेलेली. पाहुणा डोंगराकडे वरून पाहत नसे, डोंगरातून चालत असे. चकचकीत नवी इंजिनं त्यांना खपत नसत. धूर, गंज, उन्हाने उडालेला रंग, डब्याच्या कडेला साचलेली धूळ हे सगळं ते रंगाने उतरवत, आणि जगभरचे छांदिष्ट गाड्या मुद्दाम जुन्या करायला शिकले ते बऱ्याच अंशी त्यांची छायाचित्रं पाहून. गाडी ढकलायला त्यांच्याकडे एमा नावाचा एक डायनासोरही होता. गाड्या वेळापत्रकाने, वेगाने पळणाऱ्या घड्याळावर चालायच्या, आणि ठरावीक मित्र त्यासाठी नेमाने जमायचे.

6 जानेवारी 1973 रोजी ॲलन हृदयविकाराने गेले. मुख्य मार्गाची दोन टोकं जुळायला थोडंच काम उरलं होतं. त्यानंतर दोन आठवड्यांच्या आत तळघराला आग लागली आणि जवळजवळ सगळं जळून गेलं. वीस वर्षांचा डोंगर राहिला तो छायाचित्रांत. प्लॅस्टर, लाकूड आणि तारा एवढंच ज्याचं शरीर, त्या कलेचं आयुष्य किती नाजूक असतं, हे त्या छंदातल्या पिढीने त्या महिन्यात पाहिलं.

याच्या अगदी उलट, टिकवण्यासाठीच देखावा करणारा एक माणूस इंग्लंडमध्ये होता. रॉय इंग्लंड हे त्यांचं नाव. जन्म ऑस्ट्रेलियातला. 1925 साली ते इंग्लंडला आले आणि 'व्हेल ऑफ व्हाइट हॉर्स' या खोऱ्याच्या प्रेमात पडले. गवताने शाकारलेली घरं, खडूच्या टेकड्या, फुलांची परसं. पण ती घरं त्यांच्या डोळ्यांदेखत बदलत होती. गवती छपरं उतरवून तिथे पत्रा येत होता, जुन्या भिंती गिलाव्याखाली जात होत्या. त्यांनी ठरवलं, हे खोरं मापात घेऊन ठेवायचं. ते घरोघर जाऊन भिंती मोजत, कौलांच्या रंगांची नोंद करत. मग 1:76 या मापात पुठ्ठ्याची घरं. वीट न्‌ वीट कोरून, जलरंगाने स्वतंत्रपणे रंगवलेली. एका घराला महिनोन्‌महिने लागायचे. 1954मध्ये त्यांनी लाँग विटनहॅम या गावी 'पेंडन' संग्रहालय सुरू केलं, आणि त्यांच्या मागे स्वयंसेवकांनी ते काम चालू ठेवलं. अहर्न यांची मॅडर व्हॅलीही पुढे तिथेच आली आणि आजही तिथेच आहे.

पेंडनमध्ये आगगाडी आहे, उत्तम आहे. तरी पाहणारा तिथे जास्त वेळ थबकतो तो एखाद्या परसातल्या भाजीच्या वाफ्यापाशी. मूळ घरांपैकी काही आता जमिनीवर नाहीत किंवा ओळखू येणार नाहीत इतकी पालटली आहेत. त्यांचा खरा पत्ता आता त्या काचेआडच्या खोऱ्यात आहे. हौसेच्या गाडीने एका मुलखाचं दप्तर सांभाळलं, याहून मोठं काम देखाव्याच्या हाताने दुसरीकडे कुठे केल्याचं दिसत नाही.

आता टेबलाखाली.

खऱ्या रेल्वेत इंजिन आपली ताकद स्वतःबरोबर नेतं, किंवा डोक्यावरच्या तारेतून गरजेपुरती घेतं. चालकाने हँडल ओढलं की त्याचीच गाडी हलते. मॉडेलमध्ये वीज रुळांतून येते, आणि जुन्या पद्धतीत वेग कमीजास्त करायचा म्हणजे रुळातलाच दाब कमीजास्त करायचा. याचा परिणाम असा, की रुळावर उभी असलेली सगळी इंजिनं एकदमच निघतात. एक गाडी स्टेशनात थांबली आहे आणि दुसरी घाट चढते आहे, हे साधं दृश्य त्या टेबलावर अवघड होऊन बसतं.

यावरचा जुना तोडगा म्हणजे रुळाचे तुकडे करणं. ठिकठिकाणी रूळ केसाएवढ्या फटीने कापायचा, प्रत्येक तुकड्याला वेगळी तार आणि वेगळा खटका द्यायचा. गाडी पुढच्या फटीपाशी पोचायच्या आत चालकाने पुढचा तुकडा आपल्या हाताखाली घ्यायचा आणि मागचा सोडायचा. विसरला, तर गाडी फटीवर मरते. घाईत दुसऱ्याचा तुकडा घेतला, तर त्याची गाडी याच्या हुकमाने उलटी धावू लागते. रूळ वळून स्वतःलाच येऊन मिळाला, तर डावा रूळ उजव्याला भिडतो आणि सगळं टेबल शॉर्ट होतं. सांधे हलवणाऱ्या कॉइलला वीज क्षणभरच द्यायची असते. बटण दाबून धरलं तर कॉइल जळते आणि करपट वास येतो. मोठ्या लेआउटवर असे शेकडो खटके होतात. त्यांच्यासाठी एक फळा लागतो, त्यावर रुळांचा नकाशा रंगवलेला, रेघेरेघेवर खटका. चांगला फळा वाचायला स्टेशनच्या फलकाइतका सोपा असावा लागतो, कारण तो वाचणाऱ्याचं अर्धं लक्ष गाडीकडे असतं.

बिल्डिंग 20मधल्या मुलांना हे खटके हाताने दाबत बसणं मंजूर नव्हतं. क्लबचे मार्गदर्शक प्राध्यापकच संस्थेच्या टेलिफोन व्यवस्थेचेही प्रमुख होते, आणि टेलिफोनच्या सामानाची कंपनी शिक्षणसंस्थांना जुना माल देणगी म्हणून द्यायची. त्यामुळे क्लबाकडे रिले आणि टेलिफोनच्या डायलांचा भरपूर साठा आला. टेलिफोन एक्स्चेंजचा प्रश्न काय असतो? अनेक माणसं, थोड्या तारा, आणि कुणाची तार कुणाला जोडायची याचा क्षणात निर्णय. मॉडेल रेल्वेचा प्रश्नही नेमका तोच. मुलांनी तो तसाच सोडवला. चालक डायल फिरवून हवा तो तुकडा मागे, आणि रिले एकमेकांना विचारून तो त्याच्या हवाली करत. 1962पर्यंत त्या टेबलाच्या पोटात सुमारे 1,200 रिले जमले होते.

खोलीत जागोजागी धोक्याचे खटके होते. गाडी भिडणार असं दिसलं की कुणीही तो ओढायचा. सगळं थांबायचं, आणि नियंत्रणाच्या फळ्यावरचं आकड्यांचं घड्याळ थबकून तिथे 'फू' अशी अक्षरं उमटायची. त्या खटक्यांना मग 'फू'चे खटके असंच नाव पडलं. पीटर सॅमसन या विद्यार्थ्याने 1959मध्ये क्लबच्या बोलीचा एक छोटा कोश केला. त्यात 'फू' आहे, 'क्रफ्ट' (नकोसा कचरा) आहे, आणि 'हॅक'ही आहे. संगणकावर काम करणारा पुण्यातला किंवा बंगळुरूतला मराठी मुलगा असले शब्द आजही वापरतो. ते आगगाडीच्या टेबलाखालून बाहेर पडून त्याच्यापर्यंत आले आहेत. 'हॅक'चा तिथला अर्थ चोरी नव्हता. कामापुरतं काम न करता, करण्याच्या आनंदासाठी आणि कौशल्यासाठी केलेली करामत, असा होता.

1958च्या सुमारास शेजारच्या बिल्डिंग 26मध्ये टीएक्स-0 हा ट्रान्झिस्टरचा संगणक आला. जॅक डेनिस हे क्लबचे जुने सदस्य. त्यांनी तारा ओढणाऱ्या मुलांची त्याच्याशी गाठ घालून दिली. रिलेंच्या जाळ्यात 'हे झालं आणि ते झालं नाही, तर अमुक कर' असा विचार करून करून त्यांची बोटं तयार झालेलीच होती. तेच तर्कशास्त्र आता तारेऐवजी छिद्रांच्या कागदी फितीवर लिहायचं होतं. 1961मध्ये पीडीपी-1 हा नवा संगणक आला. पुढच्या वर्षी स्टीव्ह रसेल आणि मित्रांनी त्यावर 'स्पेसवॉर' हा खेळ लिहिला. पडद्यावर दोन अवकाशयानं, एकमेकांवर मारा करणारी. यंत्राच्या फळ्यावरच्या खटक्यांनी खेळताना कोपर दुखायला लागले. मग ॲलन कोटॉक आणि बॉब सॉन्डर्स क्लबच्या खोलीत गेले, सुट्या भागांच्या खोक्यांतून तारा आणि खटके काढले, आणि हातात धरायच्या दोन पेट्या जोडून आणल्या. घरोघरी मुलांच्या हातांत आज जे गेमचे कंट्रोलर दिसतात, त्यांच्या सर्वांत जुन्या पूर्वजांपैकी या दोन पेट्या. त्यांतले खटके मुळात मॉडेल रेल्वेसाठी होते.

याच खेळात सॅमसनने एक भर घातली. 'स्पेसवॉर'च्या पहिल्या पार्श्वभूमीवर तारे कसेही विखुरलेले होते. सॅमसनला ते पटेना. त्याने खऱ्या आकाशाचे नकाशे घेऊन, प्रत्येक ताऱ्याची जागा आणि तेज सांभाळून, आभाळ पडद्यावर आणलं. वीट न्‌ वीट मोजणाऱ्या रॉय इंग्लंड यांची जी तळमळ, तीच या तारांच्या माणसाची. खेळ खेळणाऱ्याला त्याची गरज नव्हती. पण देखावा खोटा असेल तर गाडी धावून उपयोग काय, हा प्रश्न तो आगगाडीच्या खोलीतच ऐकत आला होता.

पुढे रिलेंचे दिवस सरले. 1960च्या दशकातच जनरल इलेक्ट्रिकने 'ॲस्ट्रॅक' काढलं होतं. त्यात पाच इंजिनं एकाच रुळावर वेगवेगळी चालवता यायची. इंग्लंडच्या हॉर्नबीने 1979मध्ये 'झीरो 1' आणलं. त्यात एकाच वेळी सोळा इंजिनं. दोन्ही कल्पना चांगल्या, पण प्रत्येक कंपनीची भाषा निराळी. एकीचं इंजिन दुसरीच्या रुळावर मुकं. जर्मनीच्या लेन्झ कंपनीने बांधलेली पद्धत अमेरिकेच्या राष्ट्रीय मॉडेल रेलरोड संघटनेने 1990च्या दशकात सर्वांसाठी प्रमाण म्हणून स्वीकारली, आणि मेर्कलिनने 1891मध्ये रुळाच्या मापाचं जे केलं, तेच आता हुकमांच्या बाबतीत झालं.

या पद्धतीचं काम थोडक्यात असं. रुळात वीज सतत पूर्ण भरलेली असते, आणि तिची दिशा सारखी उलटसुलट होत राहते. उलटणं लांबलं तर शून्य, आखूड राहिलं तर एक. आखूड म्हणजे 58 मायक्रोसेकंद. या शून्य-एकांत इंजिनाचा क्रमांक आणि त्याला दिलेला हुकूम असतो. प्रत्येक इंजिनाच्या पोटात नखाएवढी चिप बसवलेली. ती आपला क्रमांक ऐकला तरच जागी होते. रूळ कापायची आणि शेकडो खटके लावायची गरज त्यामुळे फार कमी झाली. दोन इंजिनं एकामागे एक जोडून घाट चढवता येऊ लागली. दिवे, शिटी, वाफेचा फुसकारा असं सगळं चिपकडून मागता येऊ लागलं.

तारा अशा सोप्या झाल्यावर दोन्ही हात एकमेकांत मिसळू लागले. 2001 सालच्या ऑगस्टमध्ये जर्मनीतल्या हॅम्बुर्गच्या जुन्या गोदामांच्या भागात 'मिनियातुर वुंडरलँड' हे मॉडेल रेल्वेचं प्रचंड प्रदर्शन उघडलं. फ्रेडरिक आणि गेरिट ब्राऊन या जुळ्या भावांचं ते काम. आल्प्स, स्कँडिनेव्हिया, अमेरिका, 2011पासून उडत्या विमानांचा विमानतळ. तिथे दर पंधरा मिनिटांनी रात्र होते. आधी घरांत एकेक दिवा लागतो, मग रस्त्यांवर, मग गाड्यांचे. एकाच वेळी सगळे दिवे लागले तर ते रोषणाई वाटेल, गाव वाटणार नाही. कोणत्या घरातली बाई कधी दिवा लावेल, हा विचार तिथे प्रोग्रॅम लिहिणारा करतो. पूर्वी तो देखावा रंगवणाऱ्याने केला असता.

देखावा आणि तारा यांचं हे एकत्र येणं पुण्यात तीन वर्षं आधीच दिसू लागलं होतं. कर्वे रस्त्यावर, कोथरूडमध्ये, 1 एप्रिल 1998 रोजी भाऊ जोशी यांचं छोट्या रेल्वेंचं संग्रहालय लोकांसाठी खुलं झालं. त्याच्या आधी त्यांनी हलवता येणारा लेआउट करून प्रदर्शनांत मांडला होता. गणपतीत हलते देखावे पाहायला रात्र रात्र रांगेत उभं राहणाऱ्या शहराला हा प्रकार कळायला वेळ लागला नाही. मंडळाच्या देखाव्यातही मोटर, पट्टा, दिवे आणि पडद्यामागे बसलेला एखादा वायरमन असतोच. कोथरूडच्या या छोट्या शहरात सिग्नल आहेत, उड्डाणपूल आहे, सर्कस आहे, उघड्यावरचं सिनेमागृह आहे. वाफेची इंजिनं आणि वेगवान गाड्या एकाच गावातून जातात. खोलीतला उजेड मंदावतो, गावातले दिवे उजळतात, आणि बाकावर बसलेली लहान मुलं गप्प होतात. मुंबईहून घाट चढून येणाऱ्या गाड्या पाहत मोठ्या झालेल्या पुणेकराला त्या क्षणी गाडीचा डबा किती लहान आहे हे आठवत नाही.

बिल्डिंग 20 पाडली गेली तेव्हा एमआयटीच्या क्लबला बिऱ्हाड हलवावं लागलं. जुना लेआउट मोडून नवा बांधायला घेतला, तारांची व्यवस्थाही नवी. या नव्या टेबलावर संस्थेच्या उंच ग्रीन बिल्डिंगची एक प्रतिकृती उभी आहे. दुरून पाहिलं तर चाकू आणि कुंचलावाल्यांचंच काम. पण तिच्या प्रत्येक खिडकीमागे एक दिवा आहे, आणि तो स्वतंत्रपणे लावता-विझवता येतो. या खिडक्यांवर 'टेट्रिस', म्हणजे वरून पडणारे तुकडे फिरवून जुळवायचा खेळ, खेळता येतो. क्लबची खोली बंद असली, तरी बाहेरून काचेतून पाहत, बटणं दाबून. गाणंही वाजतं.

ही प्रतिकृती आधी झाली. खरी इमारत नंतर जागी झाली. 2012च्या एप्रिलमध्ये एका रात्री केंब्रिजच्या लोकांनी मान वर केली, तेव्हा खऱ्या ग्रीन बिल्डिंगच्या 153 खिडक्यांतून रंगीत तुकडे एकेक करून खाली येत होते, आणि खाली मैदानात उभा राहून कुणीतरी ते फिरवत होतं.